सेवान सरोवराचा राजमासा

काश्मीरला जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडून ट्राउट नांवाच्या माशाची वाखाणणी आपण ऐकली असेल. थंडगार, स्वच्छ, खळाळतें पाणी असेल तेथेंच हा मासा सुखानें राहतो. पाणी कोमट वा गढूळ झालें कीं तो गुदमरूं लागतो. काश्मीरांत तो मूळचा नव्हे. इ. स. १९०० च्या सुमारास विलायतेहून त्याचीं अंडीं जपून आणलीं गेलीं आणि तेथील नद्यांत त्याची वसाहत झाली. म्हणजे आपल्या परिचयाचा ट्राउट हा एक पाहुणा आहे. आज ज्या ट्राउटाची हकीकत मी सांगणार आहें, तो मात्र पाहुणा नव्हता; तो एका डोंगरी सरोवराचा धनी होता. त्या देशांतील लोकांनीं त्याला नांवच ‘इश्खान’ असें दिलें होतें. इश्खान म्हणजे राजपुरुष, अधिपति. हा राजा ऐन हिवाळ्यांत काठाशीं येई, आणि त्याच ऋतूंत त्याची मासेमारी चाले. आज तें सरोवर आहे, तो हिवाळा आहे, जाळें टाकणारे हातहि आहेत. पण हिवाळ्यांत काठाशीं येणारा तो राजा मात्र नाहीं. तो कसा गेला, आणि त्याच्या जाण्याचा दोष कोणाकडे जातो, हें आपणांपुढें मांडावें असा आजचा विचार आहे.

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या दरम्यान, कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, आर्मेनिया नांवाचा एक लहानसा देश आहे. तेथील लोक आपणांस अगदींच अनोळखी नाहींत. व्यापाराच्या निमित्तानें आर्मेनियन कुटुंबें शतकानुशतकें हिंदुस्थानांत येऊन राहिलीं. एवढेंच नव्हे, तर आर्मेनियन भाषेंतलें जगांतील पहिलें नियतकालिक ‘अझदरार’ हें इ. स. १७९४ मध्यें आपल्या मद्रास शहरांत छापलें गेलें. अशा या देशाला समुद्रकिनारा मुळींच नाहीं. त्याचा समुद्र म्हणजे सेवान सरोवर. जुन्या काळीं त्याला ‘गेगामचा समुद्र’ असेंच म्हणत. तुर्की बोलणाऱ्या शेजाऱ्यांनीं त्याच्या निळाईवरून त्याला ‘गोक्चा’ म्हटलें, व रशियन नकाशांवर पुष्कळ वर्षें तेंच नांव छापलें जात असे.

मूळ स्थितींत या सरोवराचें पाणी समुद्रसपाटीपासून १,९१६ मीटर, म्हणजे सुमारें ६,३०० फूट उंचीवर होतें. आपलें महाबळेश्वर याहून पुष्कळच खालीं राहतें. सरोवराचा विस्तार सुमारें १,४१६ चौरस किलोमीटर होता. आजच्या बृहन्मुंबईसारखीं दोन शहरें त्यांत बुडून वर जागा उरली असती. दोन बाजूंनीं आंत घुसलेल्या भूशिरांमुळें त्याचे दोन भाग पडतात. वायव्येकडील धाकटा सेवान आकारानें लहान पण खोल. त्याचा तळ सुमारें १०० मीटरांवर लागे. आग्नेयेकडील थोरला सेवान विस्तारानें मोठा पण त्या मानानें उथळ. भोंवतालच्या डोंगरांतून लहानमोठ्या २८ नद्या या सरोवरांत येऊन पडतात. बाहेर पडणारी नदी मात्र एकच, ह्राझदान. हिलाच पूर्वीं झांगा म्हणत. ती येरेवान शहरावरून खालीं उतरून अरास नदीला मिळते. परंतु सरोवरांत येणाऱ्या पाण्यापैकीं फारच थोडें पाणी या नदीच्या वांट्याला येई. दहांपैकीं जवळजवळ नऊ भाग पाणी वाफ होऊन आकाशांत उडून जाई. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील साऱ्या कथेचें मूळ हिच्यांत आहे.

धाकट्या सेवानांत काठापासून थोड्याच अंतरावर एक खडकाळ बेट होतें. बाग्रातुनी घराण्यांतील राजकन्या मरियम हिनें इ. स. ८७४ मध्यें तेथें मठ स्थापन केला. काळ्या दगडांचीं दोन लहानशीं देवळें आजहि तेथें उभीं आहेत. हजाराहून अधिक वर्षें त्या मठाला चारी बाजूंनीं पाण्याचा तट होता. इ. स. १९३० मध्यें रशियन कवि ओसिप मांडेलश्टाम हा त्या बेटावर कांहीं आठवडे राहिला, आणि ‘आर्मेनियाचा प्रवास’ या आपल्या पुस्तकाचा आरंभ त्यानें सेवानच्या वर्णनानेंच केला. तो ज्या बेटावर राहिला तें आज बेट राहिलेलें नाहीं. त्याचें काय झालें तेंहि पुढें येईल.

आतां माशाकडे वळूं. समुद्राशीं ज्याचा थेट संबंध नाहीं अशा या उंच, थंड पाण्यांत ट्राउटाचा एक वंश हजारों वर्षें एकांतांत वाढला, आणि वाढतां वाढतां त्याला आपलें निराळें रूप आलें. रशियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल केस्लर यानें इ. स. १८७७ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि लोकांच्या तोंडीं असलेलें इश्खान हेंच नांव त्यानें लॅटिन नांवांत कायम ठेवलें. पुढें अभ्यास वाढला तसें दिसून आलें कीं, या एका सरोवरांत इश्खानाचीं चार कुळें नांदत आहेत. या चार निराळ्या जाति मानाव्या कीं एकाच जातीच्या चार शाखा, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण मासेमारांना तो वाद ठाऊक नसतांनाहि हीं चार कुळें नीट ओळखतां येत; कारण प्रत्येक कुळाचा अंडीं घालण्याचा काळ निराळा आणि जागाहि निराळी.

ही वांटणी फार सुंदर होती. उन्हाळी इश्खान वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्यांत नद्यांत व नद्यांच्या मुखाशीं अंडीं घाली. गेगारकुनी नांवाचें कूळ शरद ऋतूपासून पुढें नद्यांतून वर चढून जाई. बोजाक हें सर्वांत धाकटें कूळ; मासा वीतभर लांबीचा; तो नदीकडे न जातां शरदांत सरोवरांतच अंडीं घालून मोकळा होई. आणि चौथा, सर्वांत थोर, हिवाळी इश्खान. तोहि नदीचें तोंड पाहत नसे. जें कांहीं करावयाचें तें आपल्या सरोवरांतच, आणि तेंहि ऐन हिवाळ्यांत. एकाच घरांत चार बिऱ्हाडांनीं स्वयंपाकघराच्या वेळा वांटून घ्याव्या, तसें या चार कुळांनीं वर्षाचे बारा महिने आणि सरोवराचे कोपरे आपसांत वांटून घेतले होते. त्यामुळें एकाच्या पिलांना दुसऱ्याची अडचण होत नसे.

हिवाळी इश्खान सामान्यतः हातभर लांब असे. पण वय झालेला नर पंधरा किलोपर्यंतहि भरल्याचें नमूद आहे. एरवीं त्याचें अंग रुपेरी, पाठ पोलादी रंगाची, अंगावर थोडेच काळे ठिपके. वर्षाचा बराचसा काळ तो खोल पाण्यांत राहून झिंग्यासारख्या चिमुकल्या प्राण्यांवर निर्वाह करी. पण हिवाळा आला कीं नराचें रूप पालटे. अंग काळवंडे, पर काळे होत, आणि बाजूंवर मोजकेच तांबडे ठिपके उमटत. आपल्याकडे लग्नाचा वेष उजळ रंगांचा असतो. या राजाचा लग्नवेष मात्र काळा होता. अशा वेषानें तो खोल पाणी सोडून काठाजवळच्या उथळ जागीं येई. तेथें पाण्याखालीं गोटे आणि जाड रेती यांचा पट्टा होता. स्वच्छ गोट्यांच्या फटींत अंडीं पडलीं म्हणजे त्यांना आडोसाहि मिळे आणि फटींतून खेळणाऱ्या पाण्यांतला प्राणवायुहि मिळे. थंड पाण्यांत अंडीं फुटावयास कित्येक आठवडे लागतात. तेवढा काळ तो गोट्यांचा पट्टा पाण्याखालीं अविचल राहिला पाहिजे, एवढीच त्या राजाची अपेक्षा होती.

मासेमारीचा हंगामहि त्यामुळेंच हिवाळ्यांत येई. इतक्या उंचीवरचें सरोवर हिवाळ्यांत गोठून जात असेल असें आपणांस वाटेल. परंतु खोल पाण्यांत उन्हाळ्याची ऊब फार सांठून राहते, आणि तितकें मोठें पाणी एका हिवाळ्यांत निवत नाहीं. म्हणून जुना सेवान पूर्णपणें क्वचितच गोठे. भोंवतालचे डोंगर पांढरे झालेले, काठावर बर्फाची कड आलेली, आणि मध्यें काळेंनिळें पाणी मोकळें, अशा स्थितींत होड्या निघत. कोंकणांतल्या रापणीसारखीं लांब जाळीं वेढा घालून काठाकडे ओढीत, आणि उभीं जाळींहि लावून ठेवीत. ओलें जाळें वर आलें कीं वाऱ्यानें ताठ होई. बोटें बधिर होत. पण दिवस चांगला असेल तर जाळ्यांत काळे नर आणि गाभोळीनें भरलेल्या माद्या येत. काठावर आर्मेनियन खेडीं होतीं, तशींच एकोणिसाव्या शतकांत रशियाहून धर्मभेदामुळें बाहेर पडलेल्या मोलोकान पंथाच्या लोकांचीं गांवेंहि होतीं. आज ज्याला सेवान शहर म्हणतात, तें मूळचें त्यांचेंच येलेनोव्का गांव.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. अंडीं घालावयास आलेला मासा धरणें ही कांहीं शहाणपणाची मासेमारी नव्हे. गाभोळीसकट मासा खाणें म्हणजे पीक आणि बियाणें एकदमच खाण्यासारखें आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथें माशांचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबविण्याची व्यवस्था झाली ती या जाणिवेनेंच. त्याच दशकांत उत्तरेकडील रशियन सरोवरांतून ‘सिग’ नांवाचा दुसरा एक खाण्याजोगा मासा आणून सेवानांत सोडण्यांत आला. परंतु जाळ्यांनीं इश्खान संपला नाहीं. शतकानुशतकें जाळीं पडत होतीं आणि राजा पुनः पुनः काठाशीं येत होता. जें जाळ्यांनीं झालें नाहीं, तें एका हिशेबानें झालें.

हा हिशेब प्रथम मांडला तो सुकियास मनासेर्यान या आर्मेनियन इंजिनियरानें. इ. स. १९१० मध्यें त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या नांवाचा अर्थ, ‘उडून जाणारे अब्जावधी आणि रशियन भांडवलाची जडता’. त्याचें म्हणणें ऐकतांना कोणाहि सुज्ञ माणसाची मान डोलावी असेंच होतें. येणाऱ्या पाण्याचा बहुतेक भाग वाफ होऊन फुकट जातो. वाफ किती व्हावयाची हें पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागाच्या विस्तारावर अवलंबून असतें. मग सरोवराची पातळी बरीच खालीं आणून थोरला सेवान आटवून टाकला, आणि केवळ धाकटा, खोल सेवान राखला, तर विस्तार कमी होईल, वाफ कमी होईल, आणि वांचलेलें पाणी ह्राझदान नदीनें खालीं सोडून त्यावर वीज करतां येईल व अरारात पर्वतासमोरच्या तहानलेल्या मैदानांत शेतें भिजवितां येतील. सरोवर आणि येरेवान यांच्या उंचींत सुमारें एक हजार मीटरांचें अंतर. एवढा उतार निसर्गानें फुकट दिला असतां त्याचा उपयोग न करणें म्हणजे तिजोरीवर बसून भीक मागणें होय, असा या योजनेचा रोख होता.

मनासेर्यानची योजना झारच्या राजवटींत कागदावरच राहिली. पण मधल्या दहा-बारा वर्षांत त्या देशावर जें ओढवलें तें आठवल्यावांचून पुढील निर्णयाला न्याय देतां यावयाचा नाहीं. इ. स. १९१५ पासून तुर्की साम्राज्यांतील आर्मेनियन लोकांची जी भयंकर कत्तल झाली, तींतून निसटलेले लक्षावधि निर्वासित या लहानशा मुलुखांत येऊन पडले. उपासमार आली, रोगराई आली, लढाया झाल्या. कोळसा नाहीं, तेल नाहीं, समुद्र नाहीं. अशा देशापाशीं सांठविलेली संपत्ति म्हणून जी काय होती ती उंचावरचें हें पाणी. सोव्हिएट राजवटींत १९३० नंतरच्या दशकांत मनासेर्यानचा विचार पुनः वर आला व त्याला मंजुरी मिळाली. पन्नास वर्षांत पातळी ५५ मीटर खालीं आणावयाची. सुमारें ५८ घन किलोमीटर पाण्यांतून अवघें ५ घन किलोमीटर शिल्लक ठेवावयाचें. उघड्या पडलेल्या जमिनींत अक्रोड व ओक यांचीं झाडें लावावयाचीं. इ. स. १९३३ मध्यें ह्राझदान नदीचें मुख खोल करण्यास आरंभ झाला, आणि सरोवराच्या तळाकडून पाणी काढण्यासाठीं बोगदा खणला जाऊं लागला. महायुद्धामुळें काम लांबलें. इ. स. १९४९ मध्यें तें पुरें झालें, आणि त्यानंतर सरोवर दरवर्षीं एक मीटराहून अधिक खालीं उतरूं लागलें.

या पाण्यानें देशाचें काय कल्याण केलें तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. कानाकेर येथील वीजघर १९३६ मध्येंच सुरू झालें होतें. सरोवराच्या तोंडाशीं असलेलें वीजघर १९४९ मध्यें, ग्युमुश येथील १९५३ मध्यें, आणि अखेरचें येरेवान येथील १९६२ मध्यें, अशीं सहा वीजघरें नदीच्या उतारावर जिन्याच्या पायऱ्यांसारखीं उभीं राहिलीं. एकच पाणी एका वीजघरांतून निघे तें खालच्या वीजघराचीं चक्रें फिरवी, आणि शेवटीं अरारातच्या मैदानांत द्राक्षमळे व शेतें भिजवी. घरोघर दिवे लागले, कारखाने चालले. ज्या आईनें निर्वासितांच्या छावणींत अंधारांत मूल वाढविलें, तिच्या नातवंडांनीं सेवानच्या विजेखालीं पाटी गिरविली. त्या दिव्याला कोणीं आणि कसा दोष द्यावा?

सरोवर उतरूं लागलें तसा त्याच्या पोटांतला इतिहास वर आला. ल्चाशेन गांवापाशीं पाणी मागें हटल्यावर प्राचीन थडगीं उघडीं पडलीं. त्यांत सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे लांकडी गाडे सांपडले. चाकें, जूं, सांटा, सारें शाबूत. आज ते येरेवानच्या इतिहास संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तिकडे धाकट्या सेवानांतील मठाचें बेट हळूहळू काठाला चिकटलें. मरियमच्या देवळांकडे पूर्वीं होडीनें जावें लागे. तेथें आतां मोटारी पायथ्यापर्यंत जातात. बेटाचें द्वीपकल्प झालें.

आतां त्या हिशेबाची बाकी पाहूं. पातळी १८ ते २० मीटर खालीं गेली, म्हणजे सहा मजली इमारत बुडेल एवढी. पण सरोवराचे कांठ उतरते असल्यानें एवढ्या उतारानें विस्तार कमी झाला तो सुमारें आठवा हिस्साच. ज्या बाष्पीभवनाला आळा घालण्यासाठीं हा सारा खटाटोप होता, त्यांत होणारी बचत तेवढीच. पाण्याचा सांठा मात्र ५८ घन किलोमीटरांवरून सुमारें ३३ वर आला. म्हणजे शंभरांत चाळीसांहून अधिक भाग गेला. विस्ताराचा हिशेब आठव्या हिश्श्याचा, सांठ्याचा हिशेब दोन पंचमांशांचा. आणि हिवाळी इश्खानाचा? ज्या उथळ पट्ट्यांत तो अंडीं घाली, तो काठाचा गोट्यांचा पट्टा तर पहिल्या कांहीं मीटरांतच कोरडा पडला. त्याचा हिशेब सोळा आण्यांचा झाला. सरोवर म्हणजे इतकें इतकें घन किलोमीटर पाणी, असें ज्यांनीं लिहिलें त्यांच्या आंकड्यांत चूक नव्हती. पण त्या वहींत काठ नांवाचा रकानाच नव्हता; आणि राजाचें पाळणाघर नेमकें काठावर होतें.

वस्तुतः काय घडलें तें डोळ्यांपुढें आणावें. हिवाळा येतो. काळा वेष धारण केलेला नर खोलांतून वर येतो. जेथें त्याच्या कुळाचे स्वच्छ गोटे होते, तेथें आतां वाळलेली जमीन आहे. नव्या काठाशीं गाळ आहे, बारीक वाळू आहे. तेथें घातलेलीं अंडीं गाळानें घुसमटतात; आणि जीं फार उथळ जागीं पडलीं, तीं फुटण्यापूर्वींच पाणी आणखी मागें सरतें. काठाला स्थिर होण्यास उसंतच नसे. गोटे धुऊन नवा पट्टा तयार व्हावयास लाटांना वर्षानुवर्षें एकाच जागीं काम करावें लागतें. जी गत हिवाळी इश्खानाची, तीच बोजाकाची. कारण तोहि सरोवरांतच अंडीं घालणारा. उन्हाळी इश्खान आणि गेगारकुनी यांनाहि हाल सोसावे लागले, कारण नद्यांचें पाणी शेतांकडे वळविलें गेलें आणि त्यांचीं मुखें बदललीं. पण नदींत चढणाऱ्या माशाला मुखाशीं गांठतां येतें, त्याचीं अंडीं काढून उबवितां येतात व पिलें सरोवरांत सोडतां येतात. त्या दोन कुळांचा वंश माणसानें अशा रीतीनें हातांत धरून ठेवला.

मग पाण्याचीहि प्रकृति बिघडली. खोल सरोवराच्या तळाशीं थंड पाण्याचा जाड थर असतो, आणि प्राणवायूचा सांठाहि तेथें मोठा असतो. तो थर पातळ झाला तसा वर कुजून खालीं जाणारा कचरा पचविण्याची सरोवराची शक्ति उणावली. भोंवतालच्या शेतांतून व गांवांतून खत आणि मैला येऊं लागला. इ. स. १९६४ मध्यें एके काळच्या त्या निळ्या पाण्यावर हिरव्या शैवालाचा तवंग पसरला. ज्या पाण्यांत पूर्वीं दहा मीटरांहून खोल दिसत असे, तेथें पुढें तीन-चार मीटरांवर दृष्टि थांबूं लागली. आणि गंमत अशी कीं, पाणी उणें होऊन त्यांतली सांठवलेली ऊब कमी झाल्यामुळें सरोवर पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक वेळां गोठूं लागलें.

चूक कळली, आणि ती कबूल करण्याचा मोठेपणा त्या देशानें दाखविला, हें सांगितलें पाहिजे. इ. स. १९६० च्या सुमारास मूळची योजना सोडून देण्यांत आली. थोरला सेवान वांचला. विजेसाठीं दुसरें इंधन आलें. मग गेलेलें पाणी परत आणण्याची खटपट सुरू झाली. दक्षिणेकडील अर्पा नदीचें पाणी डोंगराखालून सुमारें ४८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यानें सरोवरांत आणलें गेलें. हा बोगदा १९८१ मध्यें पुरा झाला. त्याला व्होरोतान नदीचें पाणी आणून जोडणारा दुसरा बोगदा २००४ मध्यें चालूं झाला. इ. स. २००१ मध्यें कायदा करून पातळी १,९०३.५ मीटरांपर्यंत चढविण्याचें ध्येय ठरविण्यांत आलें, आणि पातळी कांहीं मीटर चढलीहि. तीं चढूं लागतांच नवाच पेंच उभा राहिला. उघड्या जमिनीवर माणसानें जीं झाडें लावलीं होतीं, तीं पाण्याखालीं जाऊन कुजूं लागलीं. एक काठ मोडून दुसरा काठ करणें सोपें, पण पुन्हां पहिल्या काठावर येणें किती कठीण, याचा धडा सरोवर दुसऱ्यांदा देत आहे.

या कथेला एक उपकथाहि आहे. इ. स. १९३० मध्यें व पुनः १९३६ मध्यें सेवानच्या गेगारकुनी माशाचीं अंडीं कॅस्पियन समुद्रापलीकडे मध्य आशियांत, आजच्या किर्गिझस्तानांतील इस्सिक-कुल सरोवरांत नेण्यांत आलीं. इस्सिक-कुल म्हणजे ऊबदार सरोवर. तेंहि १,६०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, पण अतिशय खोल व किंचित् खारें असल्यानें हिवाळ्यांत गोठत नाहीं. तेथें सेवानचा हा मासा रुजला. इतकेंच नव्हे, तर मायदेशीं झिंग्यासारख्या जिवांवर राहणारा हा गृहस्थ तेथें लहान मासे खाऊं लागला आणि मायदेशाहून कितीतरी पट मोठा झाला. त्याच्या या भरभराटीची किंमत तेथील मूळच्या माशांना द्यावी लागली. मायदेशीं संकटांत असलेला वंश परदेशीं दुसऱ्यांवर संकट होऊन बसला. पण तेथें गेला तो नदीकांठचा गेगारकुनी. हिवाळी इश्खान कोठेंहि टिकून राहिला नाहीं. तो आणि बोजाक हीं दोन कुळें आज नष्ट झालेलीं मानलीं जातात, आणि उरलेलीं दोन आर्मेनियाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहेत.

आज येरेवानच्या भोजनगृहांत ‘इश्खान’ मागितला तर तो मिळतो. बहुधा तो अरारातच्या मैदानांत विहिरींच्या पाण्यावर चालणाऱ्या तळ्यांत वाढविलेला असतो. नांव उरलें, चव थोडीफार उरली; ज्यानें नांव मिळविलें तो मात्र गेला.

मग दोष कोणाचा? मनासेर्यान दुष्ट नव्हता. आपल्या गरीब देशाचें भलें व्हावें म्हणून तो झटला. वीजघरें बांधणारे दुष्ट नव्हते. त्यांनीं अंधारांत दिवे लावले. हिवाळ्यांत जाळें टाकणारा मासेमारहि दुष्ट नव्हता. त्याच्या आजापणजानें केलें तेंच तो करीत होता. मला वाटतें, दोष त्या हिशेबाचा, जो सरोवराला केवळ पाण्याचें भांडें समजला. भांड्यांतलें पाणी काढलें आणि पुन्हां भरलें, तर भांडें पूर्वींसारखें होतें. सरोवराचें तसें नाहीं. त्याचें खरें जीवन काठाच्या त्या अरुंद पट्ट्यावर, गोट्यांच्या फटींत, वर्षांतल्या कांहीं आठवड्यांत सांठलेलें असतें. तेवढे आठवडे आणि तेवढा पट्टा राखला असता, तर दिवाहि जळाला असता आणि राजाहि जगला असता काय, हें आज निश्चित कोणी सांगूं शकणार नाहीं. पण प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर उत्तर शोधावयास निदान मासा तरी शिल्लक होता.

सेवानचें पाणी बोगद्यांतून परत येत आहे. कांहीं वर्षांनीं कदाचित् त्या पाण्याला पूर्वींची निळाईहि येईल. लाटा नव्या काठावर गोटे धुऊन ठेवतील, आणि हिवाळ्यांत तो पट्टा पुन्हां तयार असेल. फक्त तेथें येणारा कोणी नसेल. आपल्या देशांतहि नद्या अडविल्या जातात, तळीं उपसलीं जातात, आणि पाण्याचे आंकडे मोठमोठ्या वह्यांत लिहिले जातात. त्या वहींत काठाचा एक रकाना ठेवावा, एवढीच या दूरदेशच्या राजमाशाच्या हकीकतींतून आपण बोध घेतला, तर त्याचें नांव आपण ऐकलें तें व्यर्थ गेलें नाहीं असें मी समजेन.